खाऊ आणि आठवणींच्या मेळाव्याबाबत स्मरणपत्र

सर्व सभासदांना स्मरण करून देण्यात येते की, येत्या रविवारच्या कौटुंबिक मेळाव्यासाठी आणावयाचा खाऊ घरीच केलेला असावा आणि तो पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावा; गरम असताना झाकण लावल्यास आत वाफेचे पाणी सुटते व कुरकुरीत खाऊ सादळतो. शेंगदाणे, तीळ किंवा दूध वापरले असल्यास डब्यावर तसे ठळक लिहावे. मध घातलेला खाऊ १ वर्षाखालील बाळांना देऊ नये. प्रत्येकाने लहानपणीची एक आठवणही सांगावयाची आहे. वरच्या फळीवरचा डबा स्टुलावर चढून नेमका कोणी रिकामा केला, याचा निवाडा आता होणे नाही. तरीही संबंधित भावंडांनी शेजारी बसू नये, ही नम्र विनंती. मोडलेले तुकडेही अवश्य आणावेत, मुले आधी तेच उचलतात.