कमिशनचा स्लॅब उलटा, आणि गेमची किंमत जागच्या जागी

मा. संपादक,

स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात पीसी गेमिंगवर काही आलं की ते बहुतेक वेळा नवा गेम कधी येतोय किंवा सेलमध्ये काय स्वस्त मिळतंय एवढंच असतं. ते मीही आवडीने वाचतो, सेलची वाट मीही बघतो. पण गेमची किंमत ठरते कशी आणि आपण भरलेले पैसे नक्की जातात कुठे, त्यातलं किती ऑनलाइन स्टोअर कमिशन म्हणून कापतं, यावर मराठीत फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. लांब झालंय, जमेल तेवढं छापा.

पूर्वी गेम डब्यात यायचा. डबा छापायचा, डिस्क बनवायची, गोडाऊन, ट्रक, होलसेलर, दुकानदार, वर न खपलेला माल परत घ्यायचा, या सगळ्यांचे पैसे त्याच एका किमतीतून जायचे आणि गेम बनवणाऱ्याच्या हातात अगदी थोडं उरायचं. सप्टेंबर २००३ मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीने स्टीम (आज ज्यावर पीसी गेम विकत घेतात ते ऑनलाइन स्टोअर) चालू केलं, पुढच्या वर्षी त्यांचा हाफ-लाइफ २ हा गेम खेळायचा तर स्टीम टाकावंच लागायचं आणि लोक त्यावर भयंकर चिडले होते. नंतर बाकी कंपन्यांचे गेमही तिथे विकायला आले आणि तीस टक्के स्टोअरला, सत्तर टक्के गेमवाल्याला हा हिशोब रूढ झाला. त्या काळात पब्लिशरला (गेमवर पैसे लावून तो बाजारात आणणाऱ्या कंपनीला) हा सौदा फारच चांगला वाटला यात नवल नाही, कारण डब्याच्या धंद्यापेक्षा हातात जास्त पडत होतं आणि न खपलेल्या मालाची भानगडच संपली होती.

त्यात आणखी एक गोष्ट झाली जिच्याबद्दल कमी बोललं जातं. डबा खेळून झाला की विकता यायचा, मित्राला देता यायचा. डिजिटल झाल्यावर ते सगळं बंद. फ्रान्समध्ये एका ग्राहक संघटनेने यावर व्हॉल्व्हविरुद्ध केस केली, २०१९ मध्ये कोर्टाने म्हटलं की विकत घेतलेला गेम पुढे विकायचा हक्क ग्राहकाला आहे, पण २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. म्हणजे सेकंडहँडचा बाजार जो होता, ज्याच्यामुळे नव्या गेमच्या किमतीवर थोडा तरी दाब राहायचा, तो पीसीवर राहिलेलाच नाही. आता प्रत्येक खेळणाऱ्याला गेम स्टोअरकडूनच घ्यावा लागतो आणि प्रत्येक विक्रीचा वाटा पब्लिशरला आणि स्टोअरला मिळतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झालाय की डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला फक्त लायसन्स मिळतंय, मालकी नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. सांगितलं हे चांगलंच झालं, पण किमतीत त्यामुळे काही फरक पडला नाही.

आता विचार करा, डबा गेला, ट्रक गेला, गोडाऊन गेलं, सेकंडहँडचा तोटा गेला, मग किंमत खाली यायला हवी होती ना? मोठ्या गेम्सची लाँचची किंमत कितीतरी वर्षं साठ डॉलरवर होती आणि २०२० नंतर सत्तर झाली. मोठे गेम बनवायचा खर्च प्रचंड वाढलाय हे मला मान्य आहे, महागाईही आहे, आणि साठ डॉलर इतकी वर्षं साठच राहिले म्हणजे महागाई धरून ते खरं तर कमीच होत गेले हेही खरं. पण मग स्टोअरचं कमिशन कमी झालं की गेम स्वस्त होईल असं जे आपल्याला सांगितलं गेलं त्याचं काय झालं?

हे सांगितलं गेलं २०१८ च्या शेवटी. ६ डिसेंबर २०१८ ला एपिक या गेम कंपनीने आपलं ऑनलाइन स्टोअर काढलं आणि कमिशन ठेवलं फक्त १२ टक्के. वर अनरियल इंजिनवर (गेम बनवायचं एपिकचं सॉफ्टवेअर) बनवलेल्या गेमची जी पाच टक्के रॉयल्टी एपिक घेतं, ती त्यांच्या स्टोअरवरच्या विक्रीसाठी माफ. मायक्रोसॉफ्टनेही ऑगस्ट २०२१ पासून पीसी गेम्सचं कमिशन ३० वरून १२ वर आणलं. मी तेव्हा खरंच खूश झालो होतो, वाटलं आता स्पर्धा लागली, आता किमती पडतील. आणि एक उदाहरण मिळालंही, मेट्रो एक्सोडस हा गेम २०१९ च्या सुरुवातीला एपिकवर गेला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत साठवरून पन्नास डॉलर केली होती. पण तशी उदाहरणं बोटावर मोजण्याइतकी. बाकी सगळीकडे तोच गेम स्टीमवर ज्या किमतीला त्याच किमतीला एपिकवर, आणि वाचलेले अठरा टक्के पब्लिशरच्या खिशात. पब्लिशरला मी दोष देत नाही, लोक साठ द्यायला तयार असतील तर पन्नासला कोण विकेल, पण ग्राहकाच्या नावाने ही लढाई लढली गेली होती हे विसरून चालणार नाही.

किंमत सगळीकडे सारखीच का राहते याचं दुसरं कारण कोर्टात आहे. स्टीमवर डेव्हलपरला, म्हणजे गेम बनवणाऱ्याला, आपल्या गेमच्या की (स्टीमवर गेम मिळवायचे कोड) फुकट बनवून बाहेर विकता येतात, त्यावर व्हॉल्व्ह कमिशन घेत नाही, ही खरंच मोठी सोय आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. पण अट अशी, हे कोड बाहेर विकताना स्टीमच्या ग्राहकाला त्यापेक्षा वाईट सौदा मिळता कामा नये. वुल्फायर गेम्स नावाच्या एका छोट्या कंपनीने २०२१ मध्ये अमेरिकेत केस केली, त्यांचं म्हणणं असं की ही सक्ती या कोडपुरती नाहीच, स्टीमशी संबंध नसलेल्या दुसऱ्या स्टोअरवरही गेम स्वस्त विकू दिला जात नाही. व्हॉल्व्हला हे मान्य नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाने या केसला इतर डेव्हलपर्सच्या वतीनेही चालवायची परवानगी दिली. आरोप खरा की खोटा ते कोर्ट बघेल, पण साधा हिशोब बघा. वीस डॉलरच्या गेमवर ३० टक्के कमिशन गेलं की १४ उरतात. १२ टक्के कमिशन असलेल्या ठिकाणी तोच गेम सोळा डॉलरला विकला तरी १४ च्या वर उरतात. ग्राहकाचे चार डॉलर वाचतात आणि डेव्हलपरचं काहीच जात नाही. हे होऊ शकतं आणि होत नाही, मला एवढंच खटकतं.

कमिशनमध्ये सगळ्यात मोठी गडबड मात्र वेगळीच आहे, आणि ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ती हीच. एपिकचं स्टोअर येण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी व्हॉल्व्हने कमिशनचे स्लॅब जाहीर केले. एखाद्या गेमची कमाई एक कोटी डॉलरपर्यंत असेल तोवर ३० टक्के, एक कोटीच्या पुढच्या कमाईवर २५, आणि पाच कोटीच्या पुढच्या कमाईवर २० टक्के. आता मोजा. एखाद्या गेमने दहा कोटी डॉलर कमावले तर पहिल्या कोटीवर तीस लाख, पुढच्या चार कोटींवर एक कोटी, उरलेल्या पाच कोटींवर एक कोटी, म्हणजे एकूण दोन कोटी तीस लाख, सरासरी २३ टक्के. आणि ज्या माणसाने दोन-तीन वर्षं रात्री जागून एकट्याने गेम बनवला आणि त्याचे वीस हजार डॉलर आले, तो भरणार पूर्ण ३० टक्के. ज्याला सवलतीची सगळ्यात जास्त गरज त्याला शून्य सवलत, आणि ज्याला गरज नाही त्याला सगळ्यात जास्त. इन्कम टॅक्सचा स्लॅब कोणी असा लावला असता तर लोक रस्त्यावर आले असते.

आणि हे सरळ करता येतच नाही असंही नाही. ॲपलने २०२१ च्या सुरुवातीपासून ॲप स्टोअरवर वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्या छोट्यांना ३० ऐवजी १५ टक्के केलं, गूगलने त्याच वर्षी प्रत्येकाच्या पहिल्या दहा लाखांवर १५ केलं. एपिकने जून २०२५ पासून प्रत्येक गेमच्या वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर कमिशनच काढून टाकलं. इच डॉट आयओ या गेम विकणाऱ्या साइटवर तर स्टोअरला किती टक्के द्यायचे ते डेव्हलपर स्वतःच ठरवतो. म्हणजे सरळ स्लॅब शक्य आहे, बाकीच्यांनी केलाय.

मग लोक म्हणतात, आवडत नसेल तर दुसरीकडे विका. विकून बघितलंय हो मोठ्या गेम कंपन्यांनी. ईए २०११ मध्ये आपलं ओरिजिन हे स्टोअर घेऊन वेगळं झालं, २०१९ मध्ये परत स्टीमवर आलं. यूबिसॉफ्ट २०१९ मध्ये नवे गेम तिथे आणायचं थांबलं, २०२२ च्या शेवटी परत. बेथेस्डाने आपला लाँचर (गेम विकत घ्यायचं आणि चालू करायचं स्वतःचं ॲप) २०२२ मध्ये बंदच केला. स्वतःच्या स्टोअरवर कमिशन शून्य, पूर्ण पैसे आपले, तरीही या कंपन्या स्टीमला कमिशन द्यायला परत आल्या, कारण गिऱ्हाईक तिथे आहे. एकाच वेळी चार कोटींहून जास्त लोक स्टीमवर लॉग-इन असल्याचं २०२५ मध्ये दिसलंय. आपली लायब्ररी तिथे, मित्र तिथे, सेव्ह (कुठवर खेळलो त्याची नोंद) तिथे, आपण तरी कुठे हलतो? मी स्वतः हललो नाही. आणि स्टीम चांगलंच आहे, २०१५ पासून दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो, मॉड्स (खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेले बदल) आहेत, क्लाउड आहे, पैसे घेऊन काही देत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण ज्यांच्याकडे एवढी ताकद आहे, ते परत येताहेत, तर छोट्याने जायचं कुठे?

माझा एक मित्र गेम बनवतो, नाव देत नाही. त्याचा पहिला गेम दहा डॉलरचा, एका स्टोअरवर लावला. सुरुवातीचे चार दिवस बरे गेले, मग विक्री जवळजवळ थांबली, विशलिस्टमध्ये (पुढे घ्यायच्या गेमची यादी) टाकून ठेवलेले हजारो लोक पण घेत कोणी नाही, सगळे सेलची वाट बघतायत. शेवटी त्याने अर्धी किंमत केली तेव्हा लोक आले. आता पाच डॉलरमधून दीड स्टोअरला, उरलेले साडेतीन त्याच्यात आणि पब्लिशरमध्ये अर्धे अर्धे, तेही पब्लिशरने दिलेला ॲडव्हान्स फिटल्यावर, म्हणजे हातात पावणेदोन डॉलर आणि तेही टॅक्सच्या आधीचे. रिव्ह्यूमध्ये एकाने लिहिलं होतं की गेम छान आहे पण नव्वद टक्के सूट असताना घ्या. मित्राने मला तो रिव्ह्यू दाखवला आणि काही बोललाच नाही.

सेलने विक्री वाढते हे अगदी खरं. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब नेवेल यांनी २००९ मध्ये सांगितलं होतं की लेफ्ट ४ डेड हा त्यांचा गेम एका वीकेंडला अर्ध्या किमतीत दिला तेव्हा विक्रीच्या पैशात तीन हजार टक्के वाढ झाली. पण तेव्हा स्टीमवर गेम मोजके होते. २०२४ या एका वर्षात तिथे अठरा हजारांहून जास्त गेम आले. २० टक्के किंवा जास्त सूट दिली की विशलिस्टवाल्यांना आपोआप मेल जातो, त्यामुळे सूट देणं ही जाहिरात झालीय, दिली नाही तर दिसतच नाही. आणि एकदा सूट दिली की खरी किंमत कोणाच्या डोक्यात राहत नाही. फॅक्टोरिओ हा गेम बनवणाऱ्यांनी हे आधीच ओळखलं, त्यांनी कधीच सेल लावला नाही, उलट जानेवारी २०२३ मध्ये महागाईचं कारण देऊन ३० चे ३५ डॉलर केले आणि लोक घेतायत. पण ते प्रत्येकाला जमत नाही, त्यासाठी आधी नाव व्हावं लागतं.

देशादेशांतल्या किमतीचंही थोडं सांगतो. गरीब देशात कमी किंमत ठेवली तर तिथले लोक पायरसीकडे न जाता विकत घेतात हा स्टीमचाच मोठा धडा. पण लोक दुसऱ्या देशातले असल्याचं दाखवून स्वस्तात घ्यायला लागले, त्यात अर्जेंटिना आणि तुर्कीची चलनं कोसळत होती, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये या दोन्ही देशांतल्या किमती डॉलरमध्ये केल्या गेल्या. कित्येक गेमची किंमत तिथे एका दिवसात अनेक पटींनी वाढली. फसवणारे बाहेरचे होते आणि भुर्दंड पडला तिथल्या प्रामाणिक ग्राहकावर.

संपादक साहेब, माझी विनंती अशी की पुढच्या वेळी सेलची बातमी द्याल तेव्हा त्या गेमच्या किमतीतले किती पैसे बनवणाऱ्याला मिळतात हे एका ओळीत का होईना पण द्या. आणि गेम बनवणाऱ्या एखाद्याला दोन कॉलम जागा द्या, स्लॅब सरळ झाला तर त्याला काय फरक पडेल ते तो माझ्यापेक्षा नीट सांगेल. वाचकांनाही सांगणं आहे, छोट्या टीमचा गेम आवडला असेल आणि परवडत असेल तर तो सेलची वाट न बघता घ्या, आणि तोच गेम कमी कमिशनच्या स्टोअरवर असेल तर एकदा तिथे बघा. मी या महिन्यात असे दोन गेम पूर्ण किमतीत घेतले.

आपला,
एक नियमित वाचक