बाबा, आमची टीम कोणती विचारलंत ना

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी कॉलवर तुम्ही म्हणालात की खालच्या मजल्यावरच्या काकांचा मुलगा डॅलसला असतो आणि त्यांची ती काउबॉइज टीम म्हणे जगात फेमस आहे, मग तुमच्या फिनिक्सची कोणती? मी कार्डिनल्स म्हटलं तर तुम्ही "कोण?" विचारलंत. काही हरकत नाही, इथे पण बरेच जण असंच विचारतात. पण तेव्हा आई मध्येच कुकर बघायला गेली आणि विषय राहिला तो राहिलाच, म्हणून आता सविस्तर लिहितेय.

आई, तुझ्यासाठी आधी एवढंच सांगते की हा फुटबॉल बहुतेक वेळ हातानेच खेळतात, हेल्मेट घालून, आणि दर दोन मिनिटांनी सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात. ३२ टीम आहेत. त्यात सगळ्यात विसरण्यासारखी टीम कोणती यावर तुमच्या जावयाचं आणि माझं कायम वाजतं.

आता तुम्हाला वाटेल की जी सारखी हरते तीच लोक विसरणार. तसं नाहीये. डेट्रॉइट २००८ मध्ये १६ पैकी १६ हरली, क्लीव्हलंडने २०१७ मध्ये तोच पराक्रम केला, पण त्या दोन टीम झोपेतून उठवून विचारलं तरी कोणीही सांगेल. बफेलो तर लागोपाठ चार वर्षं फायनलला जाऊन चारही हरली, लोकांना अजून त्यांची कीव येते. म्हणजे भयंकर हरलं तरी नाव होतं. विसरले जातात ते मधले, जे धड जिंकतही नाहीत आणि कोणी हळहळावं असं हरतही नाहीत.

जावईबापूंचा उमेदवार म्हणजे जॅक्सनव्हिल जॅग्वार्स. १९९५ ला सुरू झाली, सुपर बोल (म्हणजे फायनल) कधी खेळलीच नाही, आणि २०१३ पासून जवळजवळ दरवर्षी आपली घरची एक मॅच लंडनला जाऊन खेळते. स्वतःच्या घरच्या मॅचला समुद्र ओलांडायचा म्हणजे काय म्हणावं! ह्यूस्टन टेक्सन्स पण त्याच रांगेतली, वयाने सगळ्यात लहान, २००२ ची. टेनेसीला मात्र मी यातून सोडते कारण जानेवारी २००० च्या सुपर बोलमध्ये शेवटच्या क्षणी त्यांचा माणूस गोलच्या रेषेच्या एक यार्ड अलीकडे आडवा झाला, हात लांब करून, आणि तो फोटो लोक विसरत नाहीत.

पण मी म्हणते की या सगळ्या कालच्या टीम आहेत, त्यांना कोणी विसरलं तर समजू शकतो. आमची कार्डिनल्स १८९८ पासून आहे! पूर्ण देशात आजही चालू असलेली प्रोफेशनल फुटबॉलची सगळ्यात जुनी टीम. एवढं वय असून कोणाच्या लक्षात न राहणं हे खरं कर्तृत्व.

सुरुवात शिकागोत झाली, गल्लीतल्या पोरांची टीम. तिथल्या युनिव्हर्सिटीच्या वापरून विटलेल्या जर्सी स्वस्तात घेतल्या, त्या विटलेल्या लाल रंगावरून हे नाव पडलं, पक्षी नंतर चिकटला. १९२० ला लीग स्थापन झाली तेव्हाच्या टीमपैकी आज दोनच उरल्यात, एक शिकागो बेअर्स आणि एक ही. बेअर्सवर लोक जीव टाकतात, आणि ही... असो. १९४४ मध्ये युद्धामुळे खेळाडू कमी पडले म्हणून हिला पिट्सबर्गबरोबर जोडून एकच टीम केली, ती दहाच्या दहा मॅच हरली आणि लोक त्यांना कारपेट म्हणायला लागले, कारण जो येईल तो तुडवून जायचा.

आणि बाबा हे तुम्हाला आवडेल, हिने शेवटचं विजेतेपद जिंकलं ते १९४७ साली. म्हणजे तिकडे आपल्याला स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, शिकागोच्या गोठलेल्या मैदानावर बूट घसरतात म्हणून कॅनव्हासचे बूट घालून यांनी फिलाडेल्फियाला २८-२१ हरवलं. त्यानंतर आजतागायत ठणठणगोपाळ. अमेरिकेतल्या मोठ्या खेळांमध्ये एवढा मोठा उपास दुसऱ्या कुठल्याच टीमचा नाही.

माझ्या मते विसरण्याचं कारण हरणं नाहीच, घर बदलणं आहे. १९६० ला शिकागो सोडून सेंट लुईसला गेले, तिथे आधीच त्याच नावाची बेसबॉलची टीम होती आणि ती सगळ्यांची लाडकी, त्यामुळे यांना "फुटबॉलवाले कार्डिनल्स" म्हणायचे, म्हणजे स्वतःचं नावही पाहुण्यासारखं वापरायचं. मग १९८८ ला इथे आले तर स्वतःचं स्टेडियमच नाही, २००५ पर्यंत शेजारच्या टेंपी गावात युनिव्हर्सिटीच्या उघड्या मैदानावर खेळले, आणि बघणाऱ्यांनी सप्टेंबरच्या दुपारी धातूच्या बाकांवर बसायचं, इथलं ऊन तुम्हाला माहितीये. कोण जाईल बघायला? दर वेळी आधीचे प्रेक्षक मागे राहिले, पुढचे मिळाले तेही अर्धवट. आणि मालक तेच घराणं, १९३२ पासून. टीव्हीच्या मोठ्या करारांचे पैसे सगळ्या टीमना सारखे वाटतात, त्यामुळे विसरले गेलात तरी धंदा बुडत नाही.

बाबा, तुम्ही गहुंज्याला पुणे वॉरियर्सच्या मॅचला गेला होतात ना, आज सोसायटीत कोणाला तरी त्यांचे अकरा खेळाडू सांगायला लावा. तसंच आहे, फरक एवढाच की वॉरियर्स तीन सीझनमध्ये गाशा गुंडाळून गेले आणि हे सव्वाशे वर्षं टिकून आहेत.

एकदाच फक्त लक्षात राहण्याची संधी आली होती. २००८ चा सीझन, १६ पैकी ९ च मॅच जिंकलेल्या, आणि तरी फायनलला पोचले! कॅप्टनसारखा जो असतो तो कर्ट वॉर्नर, हा माणूस पूर्वी किराणा दुकानात रात्री फळ्यांवर माल लावायचा. शेवटची अडीच मिनिटं उरली असताना लॅरी फिट्झजेराल्ड ६४ यार्ड मधोमध पळत सुटला आणि हे पुढे गेले, २३-२०. मग पिट्सबर्गने ३५ सेकंद उरलेले असताना अगदी कोपऱ्यात, पायाची बोटं टेकवून कॅच घेतला आणि २७-२३ ने संपलं. झालं असं की ती मॅच सगळ्यांना आठवते, पण पिट्सबर्गची म्हणून.

आम्ही गेल्या वर्षी ग्लेनडेलला, यांच्या आताच्या स्टेडियमवर गेलो होतो मॅचला, ऑफिसमधून तिकिटं मिळाली म्हणून. इथे निम्मं गाव बाहेरून आलेलं, शिकागोचे, विस्कॉन्सिनचे, त्यामुळे घरच्या मॅचला समोरच्याच टीमचे रंग जास्त. शेजारी एक आजोबा होते, सत्तरीचे तरी असतील, अंगात विटलेली लाल जर्सी. ते सेंट लुईसचे, तिथे लहानपणापासून बघायचे, टीम गेली तेव्हा इतके भडकले की नाव काढायचे नाहीत, मग नोकरीनिमित्त मुलगी इथे आली आणि तिच्या मागे हे पण आले. मला म्हणाले, तिथे मी यांना शिव्या द्यायचो, इथे पण देतो, तेवढीच ओळख. चिप्सची पिशवी माझ्यासमोर धरून पूर्ण मॅचभर रेफ्रीला बोलत होते, आई, अगदी आपले नानाकाका.

नोव्हेंबरमध्ये तुम्ही येताय तेव्हा एक मॅच नक्की दाखवते. हे स्टेडियम खरंच बघण्यासारखं आहे, अख्खं हिरवळीचं मैदान एका अवाढव्य ट्रेमध्ये आहे, एरवी बाहेर उन्हात ठेवतात आणि मॅचच्या आधी रुळांवरून आत सरकवतात, तासाभराहून जास्त वेळ लागतो. बाबा, तुम्हाला ते इंजिनिअरिंग मॅचपेक्षा जास्त आवडेल. तिकिटं महिनाभर आधी काढते, काउबॉइज नसतील तर स्वस्तात मिळतात. तुमच्या बीपीच्या गोळ्या जास्तीच्या आणा. आणि आई, वाळवंट आहे म्हणून स्वेटर काढून ठेवू नकोस, छप्पर बंद असलं की आत एसी नुसता गारठवतो.

तुमची,
मनू