मुरानोच्या लिनो उस्तादांना, ओगलेवाडीच्या नातीकडून

आदरणीय उस्ताद लिनो ताल्यापिएत्रा यांस,

सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. सिअ‍ॅटलजवळच्या टॅकोमाच्या काच-संग्रहालयात भट्टीसमोरच्या बाकांवर बसून ज्या शेकडो लोकांनी तुम्हाला काम करताना पाहिलं, त्यातली मी एक. पण सिअ‍ॅटलमध्ये ज्या बाईंकडे मी काच फुंकायला शिकले, त्या तुमच्या शिष्याच्या शिष्या. म्हणजे तुम्ही माझे पणजेगुरूच लागता की! पणजेगुरूंचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आता जाहीरपणे मानते.

मुरानोचा माणूस परक्याला शिकवतो, ही गोष्ट केवढी मोठी आहे ते इथे अमेरिकेत कुणाला फारसं जाणवत नाही. व्हेनिसच्या सरकारनं १२९१ साली काचेच्या सगळ्या भट्ट्या शहरातून उचलून मुरानो बेटावर नेल्या. कारण सांगितलं आगीच्या भीतीचं, आणि ती भीती खरीही होती. पण कारागीर एका बेटावर गोळा झाले की त्यांच्यावर नजर ठेवणंही सोपं. पुढे परवानगीशिवाय बेट सोडून परदेशी काम करणं हा गुन्हाच ठरला. व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडालं, कायदे गेले, सवय मात्र राहिली. बापानं मुलाला सांगायचं, मुलानं पोटात ठेवायचं. आम्हा मराठी लोकांना हे नवीन नाही. शिष्याला अस्थाई द्यायची आणि अंतरा राखून ठेवायचा, अशा गवयांच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

तुम्ही त्याच बेटावर १९३४ साली जन्मलात. अकराव्या वर्षी काच कारखान्यात लागलात, ते पाणी भरायला. काचेला हात लावायला मिळणं ही फार पुढची गोष्ट. पहिलं शिक्षण म्हणजे कोपऱ्यात उभं राहून बघणं. फावल्या वेळात बेटावरच्या संग्रहालयात जाऊन जुने पेले न्याहाळायचात आणि ते कसे केले असतील ते स्वतःच्या हातानं करून बघायचात. विशी ओलांडली न ओलांडली तोच ‘माएस्त्रो’, म्हणजे उस्ताद, झालात. त्यानंतरची कित्येक वर्षं मोठमोठ्या कारखान्यांत गेली. नक्षी दुसऱ्याची, नाव कारखान्याचं, हात तुमचे.

आणि १९७९ साली तुम्ही पिलचकला आलात. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला झाडीतली ती काचकामाची शाळा अमेरिकी काच-कलाकार डेल चिहुली यांनी १९७१ साली सुरू केली होती, जमीन आणि पैसा हॉबर्ग दांपत्याचा. अमेरिकेत स्टुडिओतल्या काचेची चळवळ १९६२ पासूनची, म्हणजे तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची. पोरं धीट होती, रात्र रात्र भट्टीपुढे उभी राहायची; पण हाताला वळण नव्हतं. गोळा घ्यायचा, फुंकायचं, वाकडा झाला तर ‘आम्हाला असाच हवा होता’ म्हणायचं. (हे अजूनही चालतं. मीही म्हणते.) तुम्हाला इंग्रजी फारसं येत नव्हतं. तुम्ही बाकावर बसलात, फुंकणी हातात घेतलीत आणि करून दाखवलंत. जे विचारलं ते दाखवलंत, जे विचारायचं सुचलं नाही तेही दाखवलंत. काही हातचं राखलं नाहीत.

त्यातली एक गोष्ट माझ्यापर्यंत पोचली, ती रेतिचेल्लो. मराठी वाचकांसाठी जरा सविस्तर सांगते, कारण नुसतं ‘जाळीदार काच’ म्हटलं तर काहीच कळत नाही. आधी पांढऱ्या काचेच्या बारीक कांड्या ओढायच्या. एकीकडे एक जण, दुसरीकडे दुसरा, मध्ये तापलेला गोळा. दोघं मागे मागे चालत लांब जात राहतात आणि काच पाकाच्या तारेसारखी लांबते. त्या कांड्या एकीला एक लावून तव्यासारख्या पाटावर मांडायच्या, पाट भट्टीत तापवायचा आणि कांड्या एकमेकींना चिकटल्या की फुंकणीच्या टोकावर त्या गुंडाळून घ्यायच्या. नळी झाली. तिचं टोक मिटताना पीळ द्यायचा, समजा उजवीकडे. तशीच दुसरी नळी करायची, तिला पीळ डावीकडे. मग पहिलीचा पेला करून त्यात दुसरी उतरवायची आणि फुंकायचं. दोन्हींच्या रेघा एकमेकींना छेदतात, चौकटी पडतात. कांड्यांचे उंचवटे काचेवर असतातच, त्यामुळे प्रत्येक चौकटीत हवेचा एकेक थेंब अडकून बसतो. शेकडो बुडबुडे, सगळे ओळीत, सगळे सारखे. एका बाजूला पीळ जरासा जास्त पडला, की ओळ तिथेच मोडते आणि ती मोडलेली ओळ शेवटपर्यंत तुमच्याकडे बघत राहते.

आमच्या बाई हे शिकवताना फार कमी बोलतात. ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी तळहातावर घेऊन तापलेला गोळा त्यात फिरवतात, वाफ आणि जळक्या कागदाचा वास येतो, आणि मान न वळवता एवढंच म्हणतात, “हाताकडे नको, काचेकडे बघ.” ही सवय त्यांना कुठून लागली असेल ते तुमचे व्हिडिओ बघितल्यावर कळतं. तुम्हीही बोलता बोलता फुंकणी थांबवत नाही.

मुरानोत तुमच्यावर टीका झाली. बेटाचं गुपित विकलं, आपल्याच पोटावर पाय आणला, असं लोक म्हणाले. बाहेरची म्हणून मला त्यावर बोलायचा हक्क किती, हा प्रश्नच आहे. पण मत आहे ते सांगते. मुरानोच्या भट्ट्यांना कुणी गांजलं असेल तर ते स्वस्त नकली मालानं आणि गॅसच्या दरांनी. पिलचकमध्ये शिकलेल्या डांते मारिओनींनी केलेल्या उंच सुरया बघून मुरानोचं गिऱ्हाईक पळालं, असं मला तरी वाटत नाही. उलट काच घडवण्याची किंमत किती, हे त्यांच्यासारख्यांमुळेच लोकांना समजलं. अलास्काच्या त्लिंगिट घराण्यातले प्रेस्टन सिंगलटरी आज आपल्या पूर्वजांची लाकडी कोरीव चिन्हं काचेत आणतात. सिअ‍ॅटलची ही सगळी पिढी मुरानोचा हात पाहत घडलेली आहे.

शिवाय हा व्यवहार एकतर्फी नव्हता. तुम्हीही इथून काही नेलंत. कारखान्यातला माएस्त्रो दुसऱ्याचं चित्र काचेत उतरवत होता. इथल्या पोरांनी त्याला स्वतःचं काही करायची मुभा दिली. इंग्लंडमधल्या मोटार अपघातात चिहुलींचा डावा डोळा १९७६ साली गेला, पुढे खांदाही दुखावला आणि फुंकणी त्यांच्या हातून सुटली. १९८८ साली ‘व्हेनिशियन्स’ ही त्यांची मालिका सुरू झाली तेव्हा प्रत्यक्ष काच घडवायला बाकावर तुम्ही होतात. साधारण १९९० पासून तुम्ही स्वतंत्र झालात, आणि मग ते लांब मानेचे ‘डायनोसॉर’ आले, छताला टांगलेल्या काचेच्या होड्यांचा तो ताफा ‘एन्डेव्हर’ आला. पन्नाशी उलटल्यावर माणूस स्वतःचं नाव कमावतो, हे मला तुमच्या कौशल्याइतकंच भारी वाटतं. मी स्वतः चाळिशीनंतर फुंकणी हातात घेतली, म्हणून असेल.

आता माझ्या घरचं थोडं. माझे आजोबा कराडजवळ ओगलेवाडीच्या काच कारखान्यात होते. १९१६ साली ओगल्यांनी उभा केलेला तो कारखाना. ‘प्रभाकर’ कंदील तिथला. आजोबा कंदिलाच्या काचा फुंकायचे. गाल सैल पडलेले, हातांवर चटक्यांचे डाग. आम्हा नातवंडांना त्यांनी त्यातलं काही शिकवलं नाही, कारण त्यात शिकण्यासारखं काही आहे असं त्यांना कुणी कधी म्हटलंच नव्हतं. कारखाना पुढे बंद पडला. पण त्याच्याही आधी, १९०८ साली, तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, माणशी वर्षाला एक पैसा; पाठीशी टिळक. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे कारागीर तयार करत. हेतूच असा, की इथे शिका आणि जिथे जाल तिथे भट्टी पेटवा. शिकून गेलेल्यांनी तसं केलंही. तुमच्या सत्तर वर्षं आधी आमच्याकडे हा विचार झाला होता, हे तुम्हाला सांगायला मला फार आवडलं असतं. कंदिलाची काच आणि रेतिचेल्लोचा पेला यांत अंतर आहेच, पण फुंकणी तीच आणि चटकेही तेच.

२०२१ साली तुम्ही भट्टीवरून निवृत्त झालात. माझ्या आजोबांच्या पेशाला तुमच्यामुळे मला नव्यानं हात लावता आला, त्याबद्दल मनापासून आभार.

आणखी एक आभार तुमच्यामार्फत. पिलचकला मुरानोहून आधी आले ते तुमचे मेहुणे केक्को ओंगारो, १९७८ साली. दुसऱ्या वर्षी त्यांना यायचं नव्हतं, म्हणून त्यांनी तुमचं नाव सुचवलं. त्या नकाराबद्दल त्यांचेही आभार.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मूळची ओगलेवाडीची, सध्या सिअ‍ॅटलची एक विद्यार्थिनी