तू संमेलनाला का यावेस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

ओपन सोर्सच्या, म्हणजे ज्याचा कोड कोणीही पाहू-बदलू शकतो अशा सॉफ्टवेअरच्या, संमेलनांविषयीचे तुझे पत्र मिळाले. भाषणांचे व्हिडिओ काही आठवड्यांत इंटरनेटवर येतातच, मग रजा टाकून, पदरचे पैसे घालून, अनोळखी माणसांच्या गर्दीत दोन-तीन दिवस कशासाठी काढायचे, हा तुझा प्रश्न रास्त आहे आणि त्याला घाईघाईने उत्तर देणे मला बरे वाटले नाही. केवळ भाषणे ऐकायची असतील तर तू खरोखरच येऊ नकोस. घरी बसून, हवे तिथे थांबवून, पुन्हा मागे जाऊन ऐकलेले भाषण सभागृहात ऐकलेल्या भाषणापेक्षा अधिक नीट समजते. मी जातो ते सभागृहाबाहेर जे घडते त्यासाठी, आणि ते कोणत्याही व्हिडिओत येत नाही.

आपले रोजचे काम कसे चालते ते तू जाणतोस. कोणीतरी इश्यू उघडतो म्हणजे अडचण नोंदवतो, कोणीतरी पुल रिक्वेस्ट म्हणजे कोडमधील बदलाचा प्रस्ताव पाठवतो, तिसरा कोणी ती तपासून चार ओळी लिहितो, आणि या साऱ्या व्यवहारात माणसाचा आवाज, त्याचा चेहरा, त्याची सवड, त्याचा थकवा यांपैकी काहीही पलीकडे पोहोचत नाही. दिवसभर नोकरी करून रात्री उशिरा रिव्ह्यूला बसलेल्या मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, ‘हा बदल नको’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याला ते तुसडेपणाचे वाटते. लिहिणाऱ्याला कदाचित तो भागच पुढच्या रिलीजमधून, म्हणजे नव्या आवृत्तीतून, काढून टाकायचा असतो आणि हे सगळे समजावून लिहिण्याचे त्राण त्याच्यात त्या वेळी उरलेले नसते. अशा त्रोटक उत्तरांनी दुखावून प्रकल्प कायमचा सोडून गेलेली गुणी माणसे मी पाहिली आहेत. त्याच माणसाशी एकदा तासभर बोलणे झालेले असेल, तर पुढे त्याची प्रत्येक ओळ आपण त्याच्या आवाजात वाचतो. मग ‘हा बदल नको’ या वाक्यावर आपण रागावत नाही, ‘का नको?’ असे सरळ विचारतो. ओपन सोर्सच्या कामात हा फरक फार मोठा आहे, कारण येथे कोणी कोणाचा नोकर नसतो आणि मन विटले की माणूस दुसऱ्या दिवशी यायचा थांबतो.

आमच्या लायब्ररीतील, म्हणजे वेबसाइट बनवणाऱ्यांसाठीच्या तयार कोडच्या संग्रहातील, तारीख निवडण्याच्या घटकाचेच उदाहरण घे. त्यावरची चर्चा तू वाचली आहेस. कॅलेंडर उघडल्यावर कीबोर्डचा फोकस (कळा दाबल्यावर पानावरची जी जागा प्रतिसाद देते ती) कुठे जावा आणि ते बंद झाल्यावर कुठे परतावा, यावर त्या इश्यूत कित्येक महिने वाद चालला होता. दोन्ही बाजू अभ्यासू होत्या, दोघेही मानकांतील परिच्छेदांचे दाखले देत होते आणि चर्चा जागची हलत नव्हती. पुढे एका संमेलनाच्या कॉन्ट्रिब्यूटर डेला, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून प्रकल्पाचे काम करण्याच्या दिवशी, आमच्या टेबलावर एक अंध डेव्हलपर येऊन बसली. तिने लॅपटॉपचा पडदा बंदच ठेवला होता. तिचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, इतक्या वेगाने बोलत होता की आम्हांला एक शब्दही कळेना, तेव्हा तिने आमच्यासाठी त्याचा वेग कमी केला, आवाज मोठा केला आणि आमच्या डेमो पानावर टॅब दाबत पुढे सरकू लागली. कॅलेंडरच्या बटणावर आल्यावर यंत्र फक्त ‘बटण’ म्हणाले. कशाचे बटण, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तिने कॅलेंडर उघडले आणि पुढच्या महिन्याकडे जाण्याची कळ दाबली. पडद्यावर महिना बदलला असणार, पण यंत्र गप्प राहिले. शेवटी तिने एस्केप दाबले, कॅलेंडर बंद झाले आणि फोकस थेट पानाच्या अगदी माथ्यावर जाऊन पडला. अर्ध्या भरलेल्या फॉर्मकडे परत येण्यासाठी ती पुन्हा पहिल्या दुव्यापासून एक-एक टॅब दाबत खाली येऊ लागली आणि आम्ही सगळे ते ऐकत बसलो.

त्यानंतर वाद घालण्यासारखे काही उरले नाही. संध्याकाळपर्यंत पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, तयार झाला: बटणाला नाव मिळाले, महिना बदलताच त्याचे नाव ऐकू यावे म्हणून लाइव्ह रीजन, म्हणजे बदललेला मजकूर स्क्रीन रीडर आपोआप वाचतो असा भाग, आला आणि कॅलेंडर बंद झाल्यावर फोकस ज्या बटणावरून निघाला होता त्याच बटणावर परत येऊ लागला. जे दोघे महिनोन्‌महिने एकमेकांना उत्तरे देत होते त्यांनीच तो शेजारी बसून लिहिला. ती वापरत होती तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडरसुद्धा ओपन सोर्स आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन याने त्याची सुरुवात केली आणि जेम्स टे याच्या साथीने तो वाढवला. दोघेही अंध आहेत, आणि महागडे स्क्रीन रीडर ज्यांना परवडत नाहीत त्यांच्या हाती विनामूल्य साधन असावे या तळमळीतून ते काम उभे राहिले. त्या दिवशी आमच्या टेबलावर एका ओपन सोर्स प्रकल्पाने दुसऱ्याचे दोष दाखवून दिले आणि मला त्याचे मनापासून समाधान वाटले.

एकत्र जमण्याची ही रीत वेबच्या जन्मापासूनची आहे, हेही तुला सांगितले पाहिजे. सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले आणि पुढच्याच वर्षी, मे १९९४ मध्ये, वेबवर काम करणारी माणसे पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी तेथेच जिनिव्हाला जमली. जॉन रेसिगने जेक्वेरी ही वेबपानांच्या जावास्क्रिप्ट या भाषेतली लायब्ररी पहिल्यांदा लोकांसमोर ठेवली ती जानेवारी २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या बारकॅम्पमध्ये. बारकॅम्पमध्ये वक्त्यांची यादी आधी ठरलेली नसते, जमलेल्यांनीच विषय मांडायचे असतात. रायन डाल याने नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फ ईयू या जावास्क्रिप्टच्या परिषदेत नोड हे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन लोकांपुढे आणले. पुढे २०१८ मध्ये त्याच परिषदेच्या मंचावर त्याने नोडच्या रचनेतील आपल्याला खटकणाऱ्या गोष्टी एकेक करून सांगितल्या आणि डेनो हा नवा प्रकल्प दाखवला. ते दुसरे भाषण मला पहिल्याहून मोलाचे वाटते. जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या कर्त्याने, ते वापरणाऱ्यांसमोर उभे राहून, त्यातले काय चुकले हे सांगावे आणि लोकांनी ते आदराने ऐकून घ्यावे, ही आपल्या समुदायाची खरी मिळकत आहे.

सगळी संमेलने एकाच साच्याची नसतात. ब्रुसेल्सचे फॉसडेम दर हिवाळ्यात विद्यापीठाच्या आवारात भरते, तेथे प्रवेश शुल्क नाही आणि नावनोंदणीही नाही. हजारो माणसे एका वर्गातून दुसऱ्या वर्गात धावत असतात आणि खोली भरली की दारावर तशी पाटी लागते. वेबसाइट बनवण्याच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवाल्यांचे वर्डकॅम्प २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाले आणि आता जगभर, मुख्यतः स्थानिक स्वयंसेवकांच्या बळावर, भरतात. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी एक दिवस कॉन्ट्रिब्यूटर डेसाठी राखलेला असतो. कोडचे, दस्तऐवजांचे, भाषांतराचे, अपंगांसाठीच्या सुलभतेचे अशी वेगवेगळी टेबले मांडलेली असतात आणि नवख्या माणसाला कोणत्याही टेबलावर बसता येते. पायथन या भाषेच्या पायकॉन संमेलनात भाषणे संपल्यावर पुढचे काही दिवस स्प्रिंट, म्हणजे एकत्र बसून कोड लिहिण्याची सत्रे, चालतात. तुझ्यासारख्या माणसाने भाषणांचे दिवस चुकवले तरी चालतील, पण हे कामाचे दिवस चुकवू नयेत. याउलट ज्या कार्यक्रमात प्रायोजकांचे स्टॉल आणि उत्पादनांच्या जाहिराती यांपलीकडे काही नसते, तिकडे तू फिरकलाही नाहीस तरी मी काही म्हणणार नाही.

खर्चाबद्दल तू लिहिलेस ते मला फार लागले, कारण ते खरे आहे. ओपन सोर्समध्ये दरवाजा सर्वांना उघडा आहे असे आपण म्हणतो. पण कंपनीच्या पैशाने प्रवास करणारा एक आणि पदरमोड करून येणारा दुसरा, यांच्यासाठी तो सारखा उघडा नसतो. कोणाचा व्हिसा वेळेत येत नाही, कोणाला लहान मुलाला सोडून निघता येत नाही, कोणाला चाकाच्या खुर्चीने मंचापर्यंत पोहोचता येत नाही. चांगले आयोजक या गोष्टींचा आधीपासून विचार करतात: प्रवासखर्चासाठी मदत ठेवतात, मुलांची सोय करतात, भाषणाचे शब्द पडद्यावर लिहून दाखवतात, गजबजाटाने थकलेल्यांसाठी शांत खोली राखून ठेवतात आणि आचारसंहिता जाहीर करून ती पाळली जाते की नाही हे बघणारी माणसे नेमतात. माझे स्पष्ट मत आहे की मंचाच्या सजावटीवर आणि पिशवीभर भेटवस्तूंवर होणारा खर्च कमी करून तो पैसा प्रवासाच्या मदतीकडे वळवला पाहिजे. आयोजनाच्या बैठकींत मी हे दर वेळी मांडतो. तू मदतीसाठी अर्ज करायला संकोचू नकोस. तो निधी तुझ्यासारख्या काम करणाऱ्या माणसांसाठीच असतो, आणि अर्जात आपण कोणत्या प्रकल्पात काय केले हे साध्या शब्दांत लिहिले तरी पुरते.

आता थोडे त्या विषयावर, ज्याच्याबद्दल आपण फोनवर अर्धवट बोललो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनांच्या प्रकल्पात लपवलेला बॅकडोअर, म्हणजे चोरवाट, उघडकीस आला, तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या साधनाने, लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे जाणवले आणि त्याने त्याचा माग काढला म्हणून. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ उपयोगी पॅच पाठवून विश्वास मिळवला होता. त्याच काळात काही अनोळखी खाती, काम फार संथ चालले आहे असे म्हणत, त्या प्रकल्पाच्या एकट्या मेंटेनरवर दबाव आणत होती. प्रत्यक्ष भेटीने अशी फसवणूक टळते असा माझा दावा नाही, कारण भेटलेला माणूसही फसवू शकतो. पण असंख्य सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा भार एका माणसाने मोकळ्या वेळात वाहायचा आणि तो थकला की हाक मारण्याजोगे जवळपास कोणीच नसायचे, ही स्थिती धोक्याची आहे हे तरी आपण मान्य केले पाहिजे. संमेलनांच्या मार्गिकांमध्ये, चहाच्या रांगेत, रात्रीच्या जेवणानंतर मेंटेनर एकमेकांशी जे बोलतात त्यातला बराचसा भाग याच थकव्याविषयी असतो. कोणाचा इश्यूंचा ढीग हाताबाहेर गेला आहे, कोणाला काही महिने विश्रांती हवी आहे, कोणाचे रिलीजचे काम दुसऱ्याने उचलायला हवे, हे तेथे मोकळेपणाने सांगता येते. मागच्या खेपेस आमच्या लायब्ररीच्या रिलीजची जबाबदारी दोघांनी आलटून पालटून घ्यायचे ठरले ते अशाच एका बोलण्यातून. लेखी चर्चेत हा प्रस्ताव कोणी मांडला नसता, कारण ‘मला आता झेपत नाही’ हे जाहीरपणे लिहिणे माणसाला जड जाते.

तू लिहितोस की तुला अनोळखी माणसांशी बोलणे जमत नाही. तेथे येणारे बहुतेक लोक तुझ्यासारखेच असतात, हे मी समजुतीखातर म्हणत नाही. म्हणूनच एरिक होल्शर याने सुचवलेला पॅकमॅन नियम अनेक संमेलनांत पाळला जातो: गोल करून बोलत उभे असाल तर एका माणसापुरती जागा मोकळी ठेवायची, आणि त्या जागेत कोणी आला की सरकून पुन्हा एक जागा करायची. अशी मोकळी जागा दिसली की निःशंकपणे तिथे जाऊन उभा राहा. पहिली दहा मिनिटे नुसते ऐकलेस तरी कोणाला वावगे वाटत नाही. शिवाय तुझे नाव आमच्यातल्या अनेकांना माहीत आहे. फॉर्मच्या चाचण्यांवरचे तुझे पॅच कोणी तपासले आणि कोणी त्यांचे कौतुक केले, ती माणसे त्याच टेबलाभोवती बसलेली असतील. दोन दिवस पूर्ण वेळ हजर राहण्याचे बंधनही नाही. थकलास तर सरळ खोलीवर जाऊन झोप.

एक काम मात्र येण्यापूर्वी आवर्जून कर. शेकडो लॅपटॉप एकाच वायफायवर असले की डिपेंडन्सी, म्हणजे प्रकल्पाला लागणारा इतरांचा कोड, डाउनलोड व्हायला फार वेळ लागतो आणि नवख्या माणसाचा अर्धा दिवस प्रकल्प चालू करण्यातच जातो. तेव्हा निघण्याच्या आठवडाभर आधी आमची रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचा सगळा कोड, घरूनच क्लोन कर (उतरवून घे), सगळ्या चाचण्या एकदा चालवून बघ आणि एनव्हीडीए उतरवून घेऊन तारखेचा घटक डोळे मिटून वापरून पाहा. वेळ निवडण्याच्या घटकात तसेच दोष अजून शिल्लक आहेत आणि त्या टेबलावर मी ते काम तुझ्यासोबत करावे असे ठरवले आहे. चाचण्या अडल्या तर त्रुटीचा संदेश मला जसाच्या तसा पाठव. मी रात्री नऊनंतर मोकळा असतो.

घरच्या सर्वांना माझा नमस्कार सांग.

तुझा स्नेही मित्र