शिंप्याकडे चौकोन मागू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गिरगावात माझं ब्लाउज शिवण्याचं छोटं दुकान आहे. हल्ली शिवायला टाकणाऱ्यांपेक्षा चिंध्या मागणाऱ्याच जास्त येतात, असं आमचा कारागीर गमतीनं म्हणतो. तुकडे जोडून कुणाला बटवा करायचा असतो, कुणाला चष्म्याचं घर, कुणाला गरम भांडं उतरवायला जाड चौकोन. चांगलंच आहे, नाहीतर ते पोतं कचऱ्याच्या गाडीतच जातं. पण मागणी ठरलेली : ‘मास्तर, पाच इंचाचे चौकोन निघतील का?’

कुठून निघणार? साडीबरोबरचा ब्लाउजपीस साधारण 80 सेंटीमीटर. त्यात पाठ, पुढचे भाग, बाह्या आणि गळ्याची पट्टी बसवतानाच कस लागतो. उरतात ते गळ्याचे आणि मुंढ्याचे गोलसर काप, उरेब म्हणजे तिरप्या कापलेल्या पट्टीच्या टोकाचे त्रिकोण. मग काहीजणी बाजारातून नव्या कापडाचे कापून ठेवलेले चौकोन विकत आणतात. नव्या कापडाच्या चिंध्या करून त्यांना ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणणं मला तरी पटत नाही.

माझी सासुरवाडी हल्याळची. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या त्या भागात सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका कवंदी शिवतात, आपल्या गोधडीचीच बहीण. खाली जुनी साडी अंथरतात, हाताला येईल तो तुकडा कडा आत दुमडून तिच्यावर ठेवतात आणि कोपऱ्यापासून कडेकडेनं धावदोरा घालत मध्यावर येतात. तुकडा वाकडा असला तर शेजारचा त्याच्यावर थोडा सरकवायचा, मोजपट्टीचं कामच नाही. शेवटी कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंधीची फुलं लावतात. आमच्या पोत्यातल्या मालाला हीच रीत योग्य, आणि वीतभर आसनावरही ती जमते. गळ्याचा काप मात्र तिरप्या धाग्यावर असतो, ओढला की ताणतो. तो आधी सपाट पसरून टाचावा, मग दोरा घालावा. आणि शिवण्याआधी सगळे तुकडे एकदा पाण्यातून काढावेत. सुती कापड आटतं, लाल-मरून रंग तर हमखास जातो.

दुसरं, स्वयंपाकघरातल्या वस्तूला निव्वळ सुतीच कापड घ्या. पॉलिएस्टर 260 अंशांच्या आसपास वितळतं, आणि मोठ्या आचेवर विसरलेला रिकामा तवा त्याच्याही पुढे जातो. वितळलेलं कापड बोटाला चिकटलं तर कातडी घेऊनच निघतं. पोत्यातलं सुती कोणतं हे नजरेनं आम्हालाही दरवेळी सांगता येत नाही. एक दोरा काढून चिमट्यात धरा आणि मोरीत पेटवा. कागद जळल्याचा वास आला आणि बोटानं चुरगळणारी मऊ राख उरली तर सुती. आकसून कडक काळा मणी झाला तर पॉलिएस्टर. वास कागदाचा, पण राखेत कडक कण लागले तर ते टेरिकॉटसारखं मिश्र कापड. ते बटव्याला चालेल, तव्याजवळ नको. आत भरायला बाजारातला फायबर आणू नका, तोही बहुतेक पॉलिएस्टरचाच असतो. जुन्या सुती नऊवारीचे चार-पाच थर घाला. वर्षानुवर्षं धुऊन ती मऊ झालेली असते, हातानं शिवायला सुई अडत नाही. मशिनवर घेतलंत तर सोळा नंबरची सुई लावा.

माझं मागणं मुंबईतल्या माझ्या व्यवसायबंधूंकडे आहे. कटिंगच्या टेबलाखाली एकाऐवजी दोन पोती ठेवा, एक सुतीचं आणि एक बाकी सगळ्याचं. कापताना कापड कोणतं हे आपल्याला ठाऊक असतं, एकदा मिसळल्यावर ते निवडत कोण बसणार? आणि ताईंनो, उरलेला तुकडा हवा असेल तर कापड टाकतानाच सांगा, पावतीवर लिहून घ्या. तो तुमचाच आहे, मागायला संकोच नको. फक्त गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या तोंडावर पोतं उपसायला येऊ नका. तेव्हा आम्हाला जेवायलाही फुरसत नसते.

आपला,
ब्लाउज शिवणारा एक शिंपी, गिरगाव, मुंबई