देवमासा पुरण्यापूर्वी त्याच्या मृत्यूचे कारण नोंदवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की कोकण किनाऱ्यावर कुठे ना कुठे मृत देवमासा लागल्याची बातमी येते. तीत त्याची लांबी असते, बघ्यांच्या गर्दीचे वर्णन असते, जेसीबीने खड्डा खणून तो पुरल्याचा उल्लेख असतो. तो कशाने मेला, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला सुमारे ४२ फुटांचा निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला आलेल्या पिल्लासाठी ग्रामस्थांनी आणि सरकारी यंत्रणेने रात्रीचा दिवस केला, तरीही ते वाचले नाही. जिवंत प्राण्यासाठी एवढा जीव टाकणाऱ्या किनाऱ्यावर मेलेल्या प्राण्याची चौकशीही तितक्याच तळमळीने व्हायला हवी.

उत्तर अटलांटिक महासागरात ‘राइट व्हेल’ जातीचे चारशेहूनही कमी देवमासे उरले आहेत. जहाजांची धडक आणि मासेमारीच्या दोरांत अडकणे ही त्यांच्या मृत्यूची दोन मुख्य कारणे असल्याचे तेथील शास्त्रज्ञ ठामपणे सांगू शकतात, कारण त्यांनी वर्षानुवर्षे शवविच्छेदने केली आणि एकेका देवमाशाची छायाचित्रे जपून ठेवली. त्यांपैकी ८५ टक्क्यांहून अधिक प्राण्यांच्या अंगावर कधी ना कधी दोरात अडकल्याचे व्रण दिसतात. याच पुराव्याच्या बळावर अमेरिकेने २००८ पासून ठरावीक पट्ट्यांत, ठरावीक हंगामात ६५ फूट व त्याहून लांब जहाजांना ताशी १० सागरी मैलांची वेगमर्यादा घातली. आवाजाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. अमेरिकेवर सप्टेंबर २००१ मध्ये झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर कॅनडाजवळच्या फंडीच्या उपसागरातली जहाज वाहतूक रोडावली, पाण्याखालचा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरला, आणि त्या दिवसांत गोळा केलेल्या देवमाशांच्या विष्ठेत तणावाच्या संप्रेरकांचे प्रमाण घटलेले आढळले. जहाजाने साधा धक्काही न लावता त्याचा त्रास या प्राण्याला होत असतो, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने दाखवून दिले.

आपल्या अरबी समुद्रातला हंपबॅक देवमासा तर आणखी बिकट अवस्थेत आहे. इतर महासागरांतले हंपबॅक ऋतूनुसार हजारो किलोमीटर स्थलांतर करतात. हा मात्र वर्षभर याच समुद्रात राहतो. १९६५-६६ या काळात सोव्हिएत जहाजांनी बेकायदा शिकार करून यांपैकी २४२ प्राणी मारले, आणि आज ओमानच्या किनाऱ्याजवळ त्यांची संख्या शंभरच्याही आत असल्याचा अंदाज आहे. ओमानजवळ उपग्रह टॅग (ठावठिकाणा कळवणारे यंत्र) लावलेली ‘लुबान’ नावाची मादी २०१७ च्या अखेरीस समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली आणि तिथून दक्षिणेकडे गेली. हे प्राणी आपल्या दाराशी येतात, आणि त्याच पाण्यातून मुंबई, न्हावाशेवा, जयगडची जहाजे जातात, आपले ट्रॉलर आणि गिलनेटच्या (पाण्यात भिंतीसारख्या उभ्या सोडलेल्या जाळ्यांच्या) होड्याही जातात.

म्हणूनच शव हाती लागल्यावरचे पहिले काही तास मोलाचे असतात. चरबीच्या जाड थरामुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि अवयव झपाट्याने कुजतात. कातडीखाली रक्त साकळलेले असेल, हाड मोडलेल्या जागी रक्तस्राव असेल, तर धडक जिवंतपणी बसली होती असे कळते. मेल्यानंतर बसलेल्या माराने असे रक्त साकळत नाही. तोंडाच्या कोपऱ्यावर आणि शेपटीच्या बुडाशी दोराचे काच शोधावे लागतात. शेपटीला साखळी बांधून यंत्राने ओढले की नेमक्या याच खुणा पुसल्या जातात.

जाळ्याचे व्रण सापडले तर आपल्यावर बालंट येईल, अशी भीती मच्छीमार बांधवांना वाटणे स्वाभाविक आहे. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ मध्ये आणली. त्याच भावनेने ही तपासणी व्हावी. गुन्हेगार शोधण्याऐवजी कारण शोधणे, हाच तिचा हेतू असावा. समुद्रात तरंगणारे शव सर्वांत आधी याच लोकांच्या नजरेस पडते. त्यांचा विश्वास गमावून हे काम होणार नाही.

राज्याच्या वन विभागातील कांदळवन कक्षाने पशुवैद्यक आणि मत्स्यव्यवसाय खात्याला सोबत घेऊन पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत प्रत्येक किनारी जिल्ह्यात एक प्रशिक्षित पथक पावसाळ्यापूर्वी नेमावे, पथकाने नमुने घेतल्याखेरीज शव हलवू नये, आणि प्रत्येक तपासणीचा अहवाल, कारण निश्चित झाले नसले तरीही, मराठीत जाहीर करावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, देवगड, जि. सिंधुदुर्ग