तबूरिदा बघायला येण्याआधी

एल जदीदा, मोरोक्को

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

ऑक्टोबरमध्ये तुम्ही येताय, आणि तेव्हाच इथे घोड्यांचं वार्षिक प्रदर्शन असतं. २००८ पासून ते भरतं. त्यात राजाच्या नावाच्या चषकासाठी तबूरिदाच्या, म्हणजे घोडेस्वारांच्या पथकाने एका ओळीत धावत एकदम बंदुकांचे बार काढायच्या, स्पर्धा होतात. "घोडे पळवायचे आणि हवेत बार काढायचे, एवढंच ना?" असं बाबांनी फोनवर विचारलं होतं. एक धाव जेमतेम पंधरा-वीस सेकंदांत संपते. काय बघायचं ते आधी ठाऊक नसेल तर धुराखेरीज काही दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

स्वारांच्या एका पथकाला इथे सोरबा म्हणतात. त्यात साधारण पंधरा ते पंचवीस घोडेस्वार असतात, आणि आकडा नेहमी विषम. कारण मुकद्दम, म्हणजे पथकाचा म्होरक्या, ओळीच्या बरोबर मधे राहतो आणि दोन्ही हातांना सारखे स्वार लागतात. सगळा खेळ त्याच्या हाकेवर चालतो. धावायच्या पट्टीला महरक म्हणतात. ती साधारण दीडशे-दोनशे मीटर लांब, मऊ मातीची असते. माती घट्ट असली तर थांबताना घोड्यांचे पाय घसरतात, फार भुसभुशीत असली तर ओळ धुळीत बुडते.

खेळाचे दोन भाग. पहिला हद्दा, म्हणजे सलामी. सोरबा ओळीत पुढे येतो, बंदुका ठरल्या क्रमाने फिरवतो आणि मानवंदना देऊन परततो. लोक या वेळी गप्पा मारत असतात, पण तुम्ही इथेच नीट बघा. ज्यांची ओळ सलामीत वाकडी, त्यांची धाव सहसा सरळ होत नाही.

दुसरा भाग तल्का. सगळे पट्टीच्या टोकाशी खांद्याला खांदा लावून उभे राहतात. घोडे बहुतेक न खच्ची केलेले नर असतात, त्यामुळे त्यांना असं चिकटून शांत उभं करणं हेच निम्मं काम. मुकद्दम हाक देतो, घोडे चालीला लागतात, मग चौखूर सुटतात. स्वार लगाम एका हातात गोळा करून रिकिबीत उभे राहतात, बंदुका एकदम वर जातात, आणि पट्टी संपायच्या जरा आधी शेवटच्या हाकेला सगळे चाप एकत्र ओढतात. काही घराण्यांत नळी आभाळाकडे असते, काहींत जमिनीकडे. पंधरा बंदुकांचा आवाज एकच यायला हवा. "धाड" असा एक आवाज आला तर सगळं मैदान उठून ओरडतं, "धाड-धड" झालं तर हळहळतं. मग प्रेक्षकांच्या काही पावलं अलीकडे सगळे घोडे एका रेषेत थांबले पाहिजेत. माझ्या मते खरी घोडेस्वारी या थांबण्यातच कळते.

बाबा, तुमचा उभा जन्म खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेला, म्हणून बंदुकीबद्दल जरा जास्त लिहिते. ही ठासणीची बंदूक, इथलं नाव मकाहला. लांब नळी, आतून गुळगुळीत, दस्त्यावर चांदीचं किंवा हाडाचं नक्षीकाम. जुन्या बंदुका चकमकीच्या, आता ठोकल्यावर पेटणाऱ्या टोपीच्याही खूप दिसतात. गोळी घालतच नाहीत, फक्त काळी दारू. तीच आपली जुनी कृती: शंभर भागांत साधारण ७५ सोरा, १५ कोळसा, १० गंधक.

बार मागे राहण्याची कारणं तुम्ही न बघताच सांगाल. समुद्राकाठची दमट हवा दारूला लागलेली असते, नळीचा कान, म्हणजे ठिणगी आत जायचं भोक, काजळीने बुजलेला असतो, कमानीचा जोर कमी झालेला असतो. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड खाते, म्हणून दिवस संपला की नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल लावावं लागतं.

खरा धोका मात्र न उडालेल्या बाराचा. गलक्यात आपली बंदूक उडाली की शेजारच्याची, हे स्वाराला कळतंच असं नाही. तो तशीच पुन्हा भरतो, एकावर एक दोन माप दारू बसते आणि पुढच्या बाराला नळी फाटू शकते. दुसरा धोका नळीत राहिलेल्या ठिणगीचा. गरम नळीत लगेच दारू ओतली तर ती हातातच पेटते. शहाणा मुकद्दम म्हणूनच दोन धावांमधे घाई करू देत नाही, आणि मोठा आवाज हवा म्हणून जास्त दारू भरणाऱ्याला ओळीत ठेवत नाही.

घोडा बार्ब किंवा अरबी-बार्ब संकराचा. बार्ब म्हणजे याच मातीतला घोडा. नाकाची रेष थोडी फुगीर, पुठ्ठा उतरता, शेपूट खाली लावलेली. आखूड अंतरात झटकन वेग घेणं आणि आवाजाला न बिचकणं यासाठी तो नावाजलेला. सारंगखेड्याच्या यात्रेत पाहिलेले मारवाडी घोडे डोळ्यांपुढे ठेवून आलात तर हा तुम्हाला साधा वाटेल, पण त्याला पळताना बघा. बाराची सवय हळूहळू करतात. आधी लांबवर थोड्या दारूचे बार, मग जवळ, मग पाठीवर स्वार असताना. घाई केली तर घोडा कायमचा भेदरतो. उलटा त्रास मुरलेल्या घोड्याचा. त्याला हाकांचा क्रम पाठ झालेला असतो, त्यामुळे तो मुकद्दमच्या आधीच सुटतो आणि ओळ तिथेच मोडते.

खोगीर पुढून-मागून उंच, लाकडी सांगाड्यावर कातडं मढवलेलं, वर जरीचं झूल, खाली लोकरीचे एकावर एक थर. हे थर नीट बसले नाहीत तर एका दिवसात घोड्याची पाठ सोलते. रिकिबी रुंद पत्र्याच्या, अख्खं पाऊल मावेल अशा, आणि आखूड बांधलेल्या, म्हणूनच भर धावेत उभं राहता येतं. त्यांच्या कोपऱ्यांनीच टाच मारतात. लगामाचं लोखंड फार कडक असतं, त्याची कडी खालच्या जबड्याभोवती जाते. हलक्या हाताच्या स्वाराला बोटभर ओढ पुरते. आडदांड स्वार हिसका देतो आणि घोडा तोंड वासून मान वर फेकतो, कधी तोंडातून रक्तही येतं. मला हे बघवत नाही. आई, तुलाही बघवणार नाही. पण चांगल्या सोरब्यात घोडे तोंड मिटून थांबतात, आणि टाळ्या त्यांच्यासाठीच राखून ठेवायच्या.

हा खेळ सोळाव्या शतकापासूनचा, अरब आणि अमाझिघ (बर्बर) दोन्ही समाजांचा. युनेस्कोने २०२१ मध्ये तो मोरोक्कोचा अमूर्त वारसा म्हणून नोंदवला. मुळात ही लढाईची तालीम: भरधाव जायचं, बार काढायचा, वळून मागे यायचं, बंदूक भरायची, पुन्हा जायचं. एल जदीदाचा किल्ला पोर्तुगिजांचा. आपल्याकडे वसई १७३९ मध्ये त्यांच्या हातून गेली, हा किल्ला १७६९ मध्ये. त्याच्या तटावरून फिरताना तुम्हाला वसईची आठवण नक्की येईल. आजही स्वार घोड्यावर बसण्याआधी वजू करतात, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हात-पाय-तोंड धुतात, आणि अंगावर कट्यार किंवा तलवार आणि छोटं कुराण बाळगतात. घोडा, खोगीर, बंदूक यांचा खर्च बहुतेक ज्याचा त्यानेच करायचा असतो, आणि विद्या बापाकडून मुलाकडे जाते.

आता मुलीकडेही जाते. या शतकाच्या सुरुवातीपासून बायकांचे सोरबे उभे राहिले. घोडेस्वारी महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्ष, दिवंगत राजकन्या लल्ला अमिना यांनी त्यांना पाठबळ दिलं. बायकांचा सोरबा असेल तो दिवस आपण चुकवायचा नाही. आई, तू तर मुळीच नाही.

बसायचं कुठे, तेही सांगते. बाजूला बसलं तर ओळ सरळ आहे का ते दिसतं, समोर बसलं तर बार एक आहे का ते कळतं. पंधरा घोड्यांची ओळ साधारण वीस मीटर पसरते. ओळीच्या रेषेत एका टोकाला बसलात तर पलीकडच्या टोकाचा आवाज सेकंदाच्या सहा शतांश उशिरा पोचतो आणि चांगला बारही फाटल्यासारखा वाटतो. म्हणून पहिल्या दोन-तीन धावा बाजूने बघू, मग मधल्या भागात समोर जाऊ, पण सगळ्यात पुढच्या रांगेत नाही. थांबताना घोडा आवरला नाही तर पहिला धक्का त्याच रांगेला बसतो.

आई, धुराने तुझा दमा उठू नये म्हणून वारा पाठीशी घेऊन बसायचं. पंप पिशवीत नको, हातात ठेव. बाबांनी बाराच्या वेळी कानातलं यंत्र काढून फोमचे बोळे घालायचे. ते पुण्यातल्या औषधाच्या दुकानातून चार जोड्या आणा. दुपारी ऊन असलं तरी संध्याकाळी समुद्रावरून गार वारा सुटतो, तेव्हा आईची शाल आणि बाबांचा अर्ध्या बाह्यांचा स्वेटर वरच्या पिशवीतच ठेवा. तिकिटांचं मी बघते.

तुमची,
मुक्ता